विहिरीकडच्या पट्टीतली मोहरी

आमच्याकडं मोहरी पेरत नसत, टाकत. गहू पेरून झाला की बाईमाणसानं ओच्यात मूठभर मोहरी घ्यायची आणि धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेनं शिंपडत जायचं. फोडणीपुरती आणि दृष्ट काढण्यापुरती झाली की झालं. गडीमाणसांच्या लेखी ते पीकच नव्हतं. कुणी विचारलं, "औंदा काय काय पेरलंय?" तर आमचे हे ज्वारी सांगत, गहू सांगत, लसणाचा वाफासुद्धा सांगत, पण मोहरीचं नाव काही यांच्या तोंडून निघत नसे.

मी लग्न होऊन तेरणेकाठच्या या गावात आले तेव्हा रब्बी म्हणजे ज्वारी आणि करडई. करडई काढायला आम्ही पहाटे जायचो, दवानं काटे जरा मऊ पडतात म्हणून. हाताला फडकी गुंडाळली तरी संध्याकाळी भाकरीचं पीठ मळताना बोटं चरचरायची. पण घाण्यावरून तेल आलं की त्याच्या वासानं घर भरून जायचं आणि बोटांचा विसर पडायचा. पुढं सूर्यफूल आलं, काही वर्षं डुललं आणि गेलं. मग सोयाबीन आलं, ते घरची मालकीणच होऊन बसलं. करडई काढायला माणूस मिळेना, घाणे बंद पडले आणि शेतात राबणारे आम्ही दुकानातल्या तेलाच्या पाकिटावर आलो. मला याचा फार राग यायचा. पण रागानं काही पिकत नाही.

अलीकडं मात्र तेरहून धाराशिवला बसनं जाताना मधेच एखादं पिवळंधमक रान दिसायला लागलं. पहिल्यांदा मला वाटलं, कुणी झेंडू लावलाय. शेजारच्या सीटवरची बाई म्हणाली, "मोहरी हाय ती. हरणं तोंड लावीत न्हाईत, पाणीबी लई लागत न्हाय. आमच्या गावात दोघा-तिघांनी केलीया." हरभऱ्याला मर लागून आणि हरणांनी खाऊन बेजार झालेली माणसं असं काहीतरी नवं धरून पाहत होती. मी खिडकीतून मान वळवून ते रान दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले. जी आपण ओच्यातून शिंपडत होतो, तिला आता आख्खं रान मिळालं होतं.

आमच्या रानात ती आली ती सुनेच्या पायानं.

मुलगा पुण्याजवळ एका कंपनीत होता. तिथंच कामाला असलेली भंडाऱ्याकडची मुलगी त्यानं पसंत केली. माझ्या थोरल्या जाऊबाई शेजारीच राहतात, लोहाऱ्याच्या आहेत, जिभेला हाड नाही. त्या म्हणाल्या, "येवढ्या लांबून आनली? आपल्या जिल्ह्यातल्या पोरी सरल्या का?" मी म्हटलं, "सरल्या न्हाईत बाई, पर शेतकऱ्याच्या घरात याला तयार न्हाईत." मुलगी आली, आणि आली तशी घरभर 'हो जी', 'नाही जी' सुरू झालं. आम्हाला सुरुवातीला वाटायचं, ही आपली चेष्टा करते की काय. मग कळलं, तिच्याकडं बोलतातच तसं. मला ते आवडायला लागलं. आमच्या घरात मला आजवर 'जी' कुणी लावला नव्हता.

लग्नानंतर दोघं पुण्यालाच होती. मग पावसाळ्यात यांची मोटारसायकल चिखलात घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई बसवली आणि हे खाटेवर पडले. मुलगा आणि सून रजा टाकून आली, रजा संपली तरी राहिली. मुलगा म्हणाला, "बाबाचा पाय बरा झाला की जाऊ."

ते वाक्य माझ्या काळजात रुतून बसलं. यांचा पाय बरा व्हावा म्हणून सोनारीच्या भैरोबाला नवस बोलणारी मीच, आणि हे पहिल्यांदा खाटेवरून उठून दारापर्यंत गेले तेव्हा 'पुरे आजच्याला' म्हणून परत बसवणारीही मीच. घरात दोन माणसं वाढली होती. सकाळी कुणीतरी हसत होतं, कुणीतरी रेडिओ लावत होतं, भाकरी थापताना मागं कुणीतरी उभं असायचं. यांचं एकेक पाऊल सुधारत होतं आणि मी ते पाऊल मोजायला घाबरत होते. 'राहा' असं मात्र मी तोंडानं कधी म्हटलं नाही. माझा स्वभाव तसा नाही. आपण 'राहा' म्हणायचं आणि त्यांनी मन मारून राहायचं, मग ते राहणं कशाला म्हणायचं?

सोयाबीन निघालं. विहिरीकडची पट्टी रिकामी झाली. दरवर्षी तिथं हरभरा असायचा. सून म्हणाली, "आई, आपण मोहरी लावू का जी? आमच्याकडे धानाच्या बांधीत लावते. एकदा हाताने फेकली का झालं."

हे खाटेवरून म्हणाले, "मोहरी? अन् ती खानार कोन? येवढी फोडनी द्यायला काय गावजेवन हाय का?"

पण मुलाला ते पटलं. त्यानं बियाणं आणलं. इथं पहिली अडचण आली. सुनेच्या माहेरी भाताच्या बांधीत, म्हणजे खाचरात, ओल असते, तिथं बी नुसतं फेकलं तरी उगवतं. आमची काळी माती तशी लाघवी नाही. वरची ढेकळं उन्हानं वाळून भेगाळतात, तिथं फेकलेलं बी पाखरांच्याच कामाला येतं. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रात ते रव्यासारखं बारीक बी घातलं असतं तर एका तासातच सगळं सांडलं असतं. मग हे म्हणाले, "तिफन आना. चाड्यावर हिला धरू द्या."

ही म्हणजे मी. गावात एकाच घरी अजून बैल आहेत, त्यांची तिफण आणली. बी चाळलेल्या वाळूत कालवलं. चाड्यावर, म्हणजे तिफणीच्या बी सोडायच्या वाडग्यावर, मूठ धरून मी किती वर्षांनी चालत होते कुणास ठाऊक. मूठ ढिली सोडली तर दाट पडतं, आवळली तर नागं राहतं. हे बांधावर खुर्ची टाकून बसले होते आणि तिथून ओरडत होते, "वरवर! खोल नको जाऊ दिऊ!" मी मनात म्हटलं, ओरडा, ओरडण्याला पायाची गरज लागत नाही. सून माझ्या शेजारनं चालत होती. तिला तिफण माहीत नव्हती. ती म्हणाली, "आई, तुम्ही मशीनपेक्षा भारी आहात जी." मला एवढं बरं वाटलं की पुढच्या दोन तासांत मूठ सैलच सुटली. तिथं रोपं दाट उगवली, ते नंतर सगळ्यांना दिसलं.

दाट झालेली रोपं सुनेनं उपटली आणि त्यांची भाजी केली. यांनी पहिला घास घेतला आणि नाक धरलं. "ही भाजी हाय का तपकीर?" पण दुसरी भाकरी मागून घेतली. मग रोज जेवताना विचारायला लागले, "ती नाकात जानारी भाजी हाय का?"

मोहरी वाढली, गुडघ्याला आली, कमरेला आली आणि फुलली. येळवशीला तर ती ऐन भरात होती. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्याकडं गावात माणूस राहत नाही, सगळे रानात. कडब्याची खोप घालायची, आत चुन्यानं रंगवलेले दगडाचे पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, आंबिलाचा बेत करायचा आणि येईल त्याला जेवू घालायचं. आमच्या रानात ज्वारीच नव्हती, म्हणून खोपीसाठी कडबा जाऊबाईंकडून आणावा लागला. पण त्या दिवशी अख्खा गाव आमच्याकडंच लोटला. पोरी पिवळ्या रानात उभ्या राहून फोटो काढत होत्या. लग्न ठरलेलं एक जोडपं कॅमेरेवाल्यासकट आलं. नवरदेवानं काळा चष्मा लावून मोहरीत अशी पोज घेतली की हे म्हणाले, "ह्येला कापनीला बोलवा, मग बघू कुठं ऱ्हातोय चष्मा."

त्या गर्दीत जाऊबाई माझ्या कानाशी लागल्या. "लई नजरा पडायल्यात गं रानावर. दृष्ट काढ."

मी म्हटलं, "मोहरीची दृष्ट काढायची कशानं? मोहरीनंच?"

त्या म्हणाल्या, "आता काय बाई. मीठ-मिरच्यांनी काढ. मोहरी राहू दे."

सून खळखळून हसली. मीही हसले. पण मनातलं सांगायचं तर दृष्टीची भीती मला पिकाची नव्हतीच. त्याच दुपारी खोपीमागं मुलाचा फोन वाजला होता. पुण्याहून, जुन्या साहेबांचा. मी आंबिलाचं मडकं उचलायला गेले होते तेव्हा त्याचं शेवटचं वाक्य कानावर पडलं: "व्हय सर, एवढी काढणी झाली की कळवतो."

म्हणजे आता पायाचीही अट राहिली नव्हती. काढणी झाली की जाणार. मी आंबील वाटली, लोकांना आग्रह केला, पांडवांना हात जोडले आणि घरी येताना डोळ्यांत धूर गेल्याचं सांगून पदरानं डोळे पुसले. यांनी काहीतरी ओळखलं असावं. त्यांनी विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "काय न्हाय. पोरगा म्हनतोय, काढनी झाली की जातो." हे काठी टेकत टेकत पुढं गेले.

त्या काठीबद्दल सांगायला हवं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काही दिवस वापरा आणि मग सोडा. यांनी काही ती सोडली नाही. आणि मला कधीकधी वाटायचं, मुलगा घरात असला की काठीची टकटक जरा जास्तच ऐकू येते. पण माणूस दुखण्यातून उठलेला, त्याच्यावर संशय काय घ्यायचा, म्हणून मी गप्प होते.

पौषात आभाळ आलं आणि शेंड्यांवर मावा पडला. सुनेनं न घाबरता कडेकडचे माव्याचे शेंडे खुडून टाकले, ऊन पडलं आणि ते संकट तेवढ्यावरच निभावलं. फुलं गळाली, शेंगा धरल्या. पिवळं रान हिरवट झालं, फोटोवाले यायचे बंद झाले. आता खरं पीक उभं होतं आणि त्याच्याकडं बघायला फक्त आम्हीच होतो.

माघात सुनेच्या भावाचं लग्न निघालं. दोघं भंडाऱ्याला निघाली. सुनेनं मोठी बॅग भरली. चार दिवसांच्या लग्नाला एवढी बॅग कशाला, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी विचारलं नाही. बसमध्ये चढताना ती म्हणाली, "आई, मोहरीकडे लक्ष ठेवा जी."

पुढं रोज तिचा फोन यायचा, आणि रोज एकच प्रश्न. "शेंगा पिवळ्या पडल्या का जी?"

"खालच्या पडल्यात गं."

"मग कापून टाका ना. वाळायची वाट नका पाहू. उन्हाने तडकते ते, सगळी रानात सांडून जाते."

मी यांना सांगायचे. हे म्हणायचे, "भंडाऱ्याची माती येगळी, आपली येगळी. रब्बीचं गळिताचं पीक हाय, करडईवानी खडखडीत वाजलं पायजे. वाजू दे अजून."

करडईचं तसंच असतं. बोंडं पूर्ण वाळली तरी दाणा आत घट्ट राहतो, जितकी वाळली तितकी चांगली. यांचं सगळं आयुष्य करडईत गेलेलं; मला वाटलं, खरंही असेल. दुसऱ्या दिवशीही 'वाजू दे'. तिसऱ्या दिवशीही 'वाजू दे'. ऊन तर असं तापायला लागलं होतं की होळी झाल्यासारखं वाटावं.

एका दुपारी मी विहिरीवर पाणी आणायला गेले. वाटेवर वाकलेलं मोहरीचं एक झाड सहज हातानं बाजूला केलं तर शेंग तटकन फुटली आणि तळहातावर काळे दाणे आले. दुसरीला हात लावला, तीही फुटली. खाली वाकून बघितलं तर भेगांमध्ये दाणे पडलेले.

आणि मग मला आठवलं. अहो, धुऱ्यावरची मोहरी आम्ही कधी वाजू दिली होती? सासूबाई पिवळसर असतानाच झाडं उपटायला लावायच्या, माळवदाच्या छपरावर जुनं लुगडं अंथरून त्यावर टाकायच्या, आणि ती तिथं वाळून आपोआप फुटायची. का, ते कुणी सांगितलं नव्हतं, आम्ही विचारलं नव्हतं. बायकांनी करायच्या कामाला कारण लागत नसे. सुनेला जे भंडाऱ्यात माहीत होतं ते माझ्या हातांनाही माहीत होतं, फक्त धुऱ्यावरून रानात आल्यावर मी ते विसरले होते.

घरी आले ती तणतणतच. "तुमची करडई घाला चुलीत! मोहरी फुटायलीया. उद्या पाटंच दवात कापनी. म्या अन् जाऊबाई कापतो."

हे म्हणाले, "अजून दोन दिस..."

"दोन दिसांनी काय, मुंग्यांकडून परत मागून आनू का?"

"पोरं येऊ दे की."

"पोरं येऊस्तोवर काय राहतंय? तुमी बसा तुमचा पाय घिऊन. तुमाला कुनी बोलावलं न्हाई."

हे काठी घेऊन ओट्यावर जाऊन बसले. मला माझ्याच जिभेचा राग आला. रात्री जेवतानाही यांनी मान वर केली नाही.

पहाटे उठले तर खाट रिकामी. म्हटलं, असतील परसात. मी विळे घेतले, मोठी ताडपत्री घेतली, जाऊबाईंना हाक मारली. त्या डोक्याला फडकं बांधून तयारच होत्या. "चल गं बाई, आज फोटोवाला आला तर आपला काढील," असं म्हणत निघाल्या. झुंजुमुंजू झालं होतं. दव चांगलं पडलं होतं, धुऱ्यावरच्या गवतानं पाय भिजत होते. आणि विहिरीकडच्या पट्टीला पोहोचलो तर आत कुणीतरी वाकून कापत होतं.

हेच होते. एका बाजूला कापलेल्या मोहरीच्या पेंढ्या हलक्या हातानं ओळीत ठेवलेल्या. दोन्ही पायांवर नीट वाकलेले, जसे पूर्वी वाकायचे तसे. मी इकडंतिकडं बघितलं. "काठी कुठं हाय?"

"घरी इसरली," हे म्हणाले. पण मान वर करेनात.

"इसरली? घरापासून हितवर चालत आलाव, अन् इसरली?"

जाऊबाईंना कळायचं ते कळलं. त्या पदर तोंडाला लावून पट्टीच्या दुसऱ्या टोकाला निघून गेल्या. मग यांनी विळा खाली ठेवला. "पाय बरा हाय. लई दिसापासून बरा हाय," हे म्हणाले. "पोरगा म्हनला व्हता, पाय बरा झाला की जातो. म्हनून काठी धरली. मग म्हनला, काढनी झाली की जातो. म्हनून..."

पुढचं त्यांनी सांगायची गरज नव्हती. करडईवानी वाजू दे, ते हे होतं. काढणी झालीच नाही तर पोरं जातीलच कशी, असा माझ्या नवऱ्याचा हिशेब. जन्मभर शेती केलेला माणूस, उभं पीक फुटू देत होता.

मला राग आला का? आला. वाटलं, हातातला विळा फेकून द्यावा. आणि त्याच वेळी छातीवरचं काहीतरी उतरलं. इतके महिने मी समजत होते की हे दुखणं माझं एकटीचं आहे. मी चुलीपाशी डोळे पुसत होते आणि शेजारच्या खाटेवर हा माणूस बरा झालेला पाय लपवून बसला होता.

"मग आज कसं काय कापाय आलाव?" मी विचारलं.

"तू काल म्हनलीस ना, मुंग्यांकडून मागून आनू का म्हनून. रातभर डोळ्याला डोळा लागला न्हाई. पोरं जातेत तर जाऊ द्या. पिकानं काय पाप केलंय?"

मग मीही विळा घेऊन वाकले. ऊन चढायच्या आत कापायचं होतं. एकेक झाड हळू धरायचं, झटका न देता कापायचं, तान्ह्या मुलाला पाळण्यात ठेवावं तसं ताडपत्रीवर ठेवायचं. जाऊबाईंना हळू काम माहीत नाही, तरी त्या दिवशी त्यांनीही जपून केलं. ऊन तापायला लागलं तेव्हा निम्मी पट्टी झाली होती. उरलेली दुसऱ्या पहाटे. काही सांडली, ते खरंच आहे. पण घरी आलं ते पुष्कळ होतं. खळ्यावर ढीग लागला तेव्हा मी कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला.

पोरं लग्नाहून आली ती दुपारच्या बसनं. सून घरात न येता थेट खळ्यावर गेली. ढिगात हात घातला, एक शेंग बोटांनी चोळली, दाणे बघितले आणि तिथंच खाली बसली. "बाई गं," म्हणाली, "मी वाटभर हेच घेऊन बसले होते. म्हटलं, गेली असन." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. एका पट्टीच्या मोहरीसाठी एवढं रडणारी मुलगी पुण्याला जाऊन काय करणार, असा विचार माझ्या मनात आला आणि मी तो लगेच दाबून टाकला. आशा करायची माझी हिंमत नव्हती.

मोहरी बडवली, वारवली, सुपात पाखडली. उतारा जाऊबाईंच्या अंदाजाहून जास्त आणि माझ्या अपेक्षेहून कमी आला. पोती धाराशिवच्या बाजारात गेली. आडत्यानं मूठ भरून दाणे बघितले आणि म्हणाला, आता तुमच्या बाजूनं बी यायला लागली का मोहरी. मुलानं घरी येऊन हे इतक्यांदा सांगितलं की शेवटी मी म्हटलं, पुरे बाबा.

आणि तरी जाण्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. मी विचारत नव्हते, हे विचारत नव्हते, मुलगा सांगत नव्हता. यांनी तर पोरं आल्या दिवसापासून पुन्हा काठी धरली होती. मी डोळे वटारले की जरा वेळ ठेवून द्यायचे.

मग एका सकाळी मी चुलीपुढं होते. सून मागच्या खोलीतून एक गाडगं घेऊन आली. त्यात मोहरी भरलेली, वरून चुलीतली चाळलेली राख घातलेली, तोंडाला फडकं बांधलेलं. निवडून निवडून टपोरे दाणे घेतले होते.

"आई, हे कुठे ठेवू जी? उंदीर नाही लागला पाहिजे."

"काय हाय ते?"

"बी आहे. पुढच्या वर्षीचं."

माझी तव्यावरची भाकरी करपायला लागली. मी तिच्याकडं बघत राहिले. पुण्याला जाणारं माणूस पुढच्या वर्षीचं बी कशाला राखेत घालून ठेवील? तरी खात्री करून घेतल्याशिवाय राहवेना. मी दारातल्या मुलाला हाक मारली. "का रं, तुमी जानार हाव ना पुन्याला?"

तो म्हणाला, "न्हाई म्हनून सांगितलं की साहेबांना. लग्नाला जाताना बसमधनंच फोन केला व्हता. ती म्हनली, बाबाचा पाय काय बरा व्हईना, अन् मलाबी हितं करमतंय."

"अन् आमाला सांगितलं का न्हाईस?"

"तुमी इचारलं कुठं?"

असं आमचं घर. चौघंजण एका छपराखाली, चौघांच्या मनात एकच गोष्ट, आणि विचारायचं कुणी नाही. ओट्यावरून यांनी सगळं ऐकलं होतं. हे उठले, ताडताड चालत आत आले आणि म्हणाले, "आन ते गाडगं हिकडं, वर फळीवर ठिवतो." काठी ओट्यावरच पडलेली. सून आधी त्यांच्या पायांकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. मी भाकरी उलथली.

ती काठी आता परसात दोडक्याच्या वेलाला रोवली आहे.

त्या संध्याकाळी मी दोघांना पाटावर बसवलं. मूठभर मीठ घेतलं, मिरच्या घेतल्या आणि मोहरी घेतली, आमच्या पट्टीतली, पहिल्यांदाच. मुलगा म्हणाला, "आई, हे काय आता?" मी म्हटलं, गप बस. मूठ दोघांवरून ओवाळत म्हणायला लागले, "आल्या-गेल्याची, घरच्या-दारच्याची, वाटंच्या वाटसराची, फोटो काढनाऱ्यांची..." आणि मग माझ्याही नकळत तोंडातून निघून गेलं, "पुन्याच्या कंपनीची..."

सुनेनं मान वर केली. "कंपनीची पण लागली होती का जी?"

"लई," मी म्हटलं.

मूठ चुलीतल्या निखाऱ्यांवर टाकली. मोहरी अशी तडतडली की जाऊबाईंनी भिंतीपलीकडून विचारलं, "कुनाची गं येवढी?" ओट्यावरून यांनी विचारलं, "गेली का?"

म्हटलं, "गेली. या आता जेवायला."